भोंग्याचं गाणं

माझ्या धाकट्या बहिणीला घरीदारी सगळे भोंगा म्हणत. ती लहान असताना एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला होता. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून आईला हाक मारून सांगितलं, "अहो, दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या धाकटीला पाठवा ना तिकडे!" सगळी गल्ली हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मी थोरला. मला असं काही नाव पडलं नाही. मी बोललो की नाही, हेच कुणाच्या लक्षात राहत नसे.

मोठी झाल्यावर ती गाण्यांच्या कंपनीत कामाला लागली. गायिका म्हणून नव्हे, डमी म्हणून. नवं गाणं तयार झालं की मोठ्या गायिकेला ते शिकायला वेळ नसतो. मग आधी दुसऱ्याच कुणाकडून ते वाजवणाऱ्यांबरोबर टेपवर गाऊन घ्यायचं. मोठ्या बाई सवडीने येणार, ते ऐकत ऐकत आपला आवाज भरणार, आणि नंतर खालचा आवाज पुसून टाकायचा. कंपनीच्या लाडक्या गायिकेला आम्ही घरात मैना म्हणत असू. मैनाबाईंच्या कितीतरी गाण्यांतले श्वाससुद्धा माझ्या बहिणीने ठरवलेले होते. तिचा स्वतःचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नव्हता.

"मी आपली पाटीवर लिहिते आणि हे ओल्या फडक्याने पुसतात," ती म्हणायची. "एक दिवस अशी कोरून ठेवीन ना, की बसतील घासत."

"हळू बोल," आई म्हणायची. "तिसऱ्या गल्लीत ऐकू जातंय."

"जाऊ दे की. तिथे तरी कुणी पुसणार नाही."

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. कविता करायचो, पण त्या कपाटात ठेवायचो. बहिणीने त्यातली एक घाईमास्तरांना नेऊन दाखवली, मला न विचारता. घाईमास्तर म्हणजे कंपनीचे चाली बांधणारे. ड्रमही तेच वाजवायचे. जेवणाची असो वा गाण्याची, त्यांना सगळ्याचीच घाई. त्यांना उन्हाळ्यासाठी एक गाणं हवं होतं, मुलांनी रस्त्यात म्हणावं असं. मी चार दिवस खपून 'दग्ध दुपारी ग्रीष्माच्या या' असं काहीतरी लिहिलं.

बहिणीने वाचलं आणि कागद माझ्या हातात परत दिला. "दादा, हे म्हणायला उभं राहावं लागेल. छाती पुढे काढून. उन्हात माणूस काय बोलतो ते लिही ना."

"काय बोलतो?"

ती उत्तर न देता चपला घालायला लागली. तिला कंपनीत जायचं होतं. आई आतून ओरडली, "अगं, ऊन आहे!"

"असू दे!"

"येणार कधी?"

"उशिरा!" आणि ती गेलीसुद्धा. दार तसंच उघडं, पांढरंफेक ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं:

*ऊन आहे, असू दे,*
*मी बाहेर जाणार,*
*सावलीला सांगा कुणी,*
*उशिरा घरी येणार!*

हे मी लिहिलं असं लोक म्हणतात. मला अजूनही वाटतं की मी ते फक्त उतरवून घेतलं.

घाईमास्तरांनी जेवता जेवता चाल लावली. गाणं मैनाबाईंसाठी होतं, हे सांगायला नकोच. डमी गायला भोंगा. कंपनीचं रेकॉर्डिंग एका जुन्या गोदामात व्हायचं. छताला एकच पंखा, आणि तो असा करकरायचा की म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बरे. टेप सुरू करण्याआधी दर वेळी रेकॉर्डिस्टकाका ओरडायचे, "पंखा बंद!" मग दारं लावायची, खिडक्या लावायच्या आणि सगळ्यांनी घामाने निथळत गाणं संपायची वाट पाहायची. गाणाऱ्यासाठी कोपऱ्यात काचेची एक खोली होती. आतून गोधडीसारखं जाड कापड ठोकलेलं. तिला सगळे डबा म्हणत. डब्यात बसून गायलं की आवाज वेगळा राहतो. म्हणजे पुसायला सोपा.

त्या दुपारी मीही तिथे होतो. शब्द बदलावे लागले तर असावेत म्हणून मला बोलावलं होतं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो होतो आणि ते शब्द वाईट आहेत याची मनात खात्री करून घेत होतो.

दोनदा गाऊन झालं. दोन्ही वेळा काही ना काही चुकलं. तिसऱ्या वेळी भोंगा डब्याचं दार उघडून बाहेर आली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"मी त्या डब्यात पुन्हा जाणार नाही," ती म्हणाली. "आत मुरांबा होतोय माझा."

"भोंगा, नाटकं नकोत," काका म्हणाले. "जा आत."

"इथे उभी राहते. मास्तरांच्या शेजारी."

"अगं शहाणे, तुझा आवाज सगळीकडे शिरेल. ड्रमच्या माइकमध्ये जाईल, गिटारच्या माइकमध्ये जाईल. मग तो पुसायचा कसा?"

माझी बहीण थांबली. घाम पुसायला उचललेला हात तसाच राहिला. मग ती हसली. तिचं ते हसू मला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यानंतर काहीतरी फुटायचं.

"काका," ती म्हणाली, "हे तुम्ही मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

 गिटारवाला तारा पिळायचं नाटक करत होता. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कितीतरी आवाज त्यांनीच स्वतःच्या हाताने पुसले होते. त्यांनी गळ्याभोवतीचा टॉवेल काढला, पिळला आणि परत गळ्यात टाकला.

"मला काय करायचंय," ते म्हणाले. "उकडतंय. उरका." या वेळी त्यांनी टेप आधीच सुरू केली. "भोंगा, तयार? पंखा बंद!"

ते 'बंद' म्हणून झालंही नव्हतं. घाईमास्तरांची काठी त्या शब्दावरच पडली. माणसाला दम म्हणून नाहीच! आणि भोंगा गायला लागली. डब्याबाहेर मी तिचं गाणं प्रथमच ऐकत होतो. गोड नव्हतं ते. बंद दाराला खांदा लावून कुणी ढकलावं तसं होतं. 'असू दे' म्हणताना ती हात झटकत होती. घाईमास्तर तिच्याकडे बघून वाजवत होते, गिटारवाला तिच्याकडे बघून वाजवत होता, आणि मी लिहिलेले शब्द मला ओळखू येत नव्हते.

दोन दिवसांनी मैनाबाई आल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे कानाला हेडफोन लावून गाणं ऐकलं, आपला आवाज भरला. मग काकांनी पुसण्याआधी भोंग्याचा आवाज नुसता बंद करून टेप लावून पाहिली. मैनाबाई गोड गात होत्या आणि त्यांच्या खाली, ड्रमच्या आत, गिटारच्या आत, दुसरी एक बाई ठणकावून गात होती.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. ते नेहमी इस्त्रीचे कपडे घालायचे आणि उन्हाळ्यातही त्यांना घाम यायचा नाही. "काढा ते."

"निघत नाही," काका म्हणाले. "ती काढायची तर ड्रम काढावा लागेल."

"मग पुन्हा वाजवा सगळं. हिला डब्यात घाला आणि कुलूप लावा."

पुन्हा वाजवलं. भोंगा डब्यात शिरेना, म्हणून दुसऱ्या एका मुलीला घातलं. सगळे सूर जिथल्या तिथे आले, आणि गाणं धुऊन वाळत घातलेल्या रुमालासारखं झालं. साहेबांनाही ते कळलं. त्यांनी जुनीच टेप काढायला सांगितली आणि मैनाबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही जरा जोर लावा. ती झाकली जाईल."

मैनाबाईंनी पर्स उचलली. "साहेब, या घरात आधीच कुणीतरी राहतंय. मी काय पोटभाडेकरू म्हणून राहू?" दाराशी त्या थांबल्या. भोंगा तिथेच भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझे श्वास तू ठरवतेस म्हणे. मधल्या कडव्यात मला नेहमी कमी पडतो. जरा बघ." आणि त्या गेल्या.

उन्हाळा सरत चालला होता. दुकानांना नवं गाणं हवं होतं. साहेबांनी नाइलाजाने मूळ गाणं, भोंग्याच्या आवाजातलं, तसंच काढलं. सुरुवातीची काकांची आरोळी तेवढी कापून टाका म्हणाले. काकांनी कापून दाखवली. पण 'बंद'वरच पहिला ठोका होता. आरोळी गेली की गाणं लंगडत सुरू व्हायचं. ती राहिली. तबकडीवर गायिकेच्या जागी काहीच छापलं नाही. नुसती कोरी रेघ.

"आवाज राहिला ना," मी तिला समजावलं. "हेही नसे थोडके."

"दादा, तू थोडक्यात फार पटकन मावतोस," ती म्हणाली. ती तबकडी तिने आईच्या हातात दिली, आणि आईने ती उलटीपालटी करून विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

बहिणीने तबकडी परत घेतली आणि त्या कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं. 

मग ते गाणं सुटलं. आधी न्हाव्याच्या दुकानात ऐकू आलं, मग बसच्या ड्रायव्हरच्या तोंडी, मग नदीच्या घाटावर पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांच्या. पोरं उडी मारण्याआधी बोंब ठोकायची, "भोंगा, तयार? पंखा बंद!" आणि धपकन पाण्यात. आमच्या छापखान्यात तर कुणीतरी खरोखरच पंखा बंद करून नाचायला लागायचं आणि फोरमन शिव्या घालत तो पुन्हा लावायचा. मी मुद्रितावरून डोकं वर काढायचो नाही. कान मात्र लाल व्हायचे.

तबकडीवर नाव नव्हतं, पण नाव गाण्यातच होतं. दुकानात जाऊन लोक मागायचे, "ते भोंग्याचं गाणं द्या." पहिली छपाई संपली. दुसरी काढायची म्हणून साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

साहेबांच्या खोलीत पंखा न करकरता फिरत होता. "मुली," ते म्हणाले, "कंपनी तुझं नाव छापायला तयार आहे. पण जरा बरं नाव घेऊ. काहीतरी फुलाबिलाचं."

"भोंगा छापा."

"भोंगा? आमच्या तबकडीवर? लोक हसतील."

"लोक नाचतायत, साहेब. तुम्ही खिडकी उघडून बघा."

"हे बघ, शिंगं फुटली म्हणून टक्कर द्यायची नसते. चाल कंपनीची आहे. मी दुसरी मुलगी आणतो, तुझ्यासारखं ओरडायला शिकवतो, तिचं चांगलं नाव छापतो. महिन्याभरात तुला कोण विचारणार? आणि शब्द तर यांचे आहेत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, जसं एखाद्या खुर्चीकडे करावं. "हे काही अडवणार नाहीत. भला माणूस आहे."

सगळ्यांना माहीत होतं की मी अडवणार नाही. मलाही माहीत होतं. बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला लागलं.

"नाही," मी म्हणालो.

"काय?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं.

"मोठ्याने, दादा," भोंगा हळूच म्हणाली.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे. "नाही देणार!" मी म्हणालो. "हे शब्द दुसऱ्या कुणाला गाऊ देणार नाही. ते माझे नाहीतच, हिचे आहेत. ती घरातून निघताना बोलली ते मी लिहिलं. आणि तिचं नाव भोंगा आहे. छापायचं तर तेच छापा, नाहीतर छापू नका!"

 बाहेर गोदामाच्या जिन्यावरून काकांचा आवाज आला, "अरे बापरे, हा कोण? घराण्यातच आहे वाटतं!"

बहीण हसायला लागली. हसू आवरेना, तशी तिने पदर तोंडात कोंबला. साहेबांनी बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवलं. ते व्यवहारी गृहस्थ होते. खिडकीखालून एक सायकलवाला जात होता आणि तो काय गुणगुणत होता, हे आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं.

"असू दे," शेवटी साहेब म्हणाले. मग स्वतःच काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या छपाईची तबकडी बहिणीने आईपुढे ठेवली. आईने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं: गायिका, भोंगा. "शोभतं का हे पोरीच्या जातीला?" ती म्हणाली, आणि ती तबकडी घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. काकू तेव्हा फार थकल्या होत्या. त्यांना गच्चीवरची गोष्ट आठवत नव्हती, पण नाव आपणच ठेवलं हे त्यांनी लगेच कबूल केलं आणि पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या.

भोंग्याने त्यानंतर पुष्कळ गाणी गायली. काही पडली, काही चालली. डमी म्हणून ती पुन्हा कधी उभी राहिली नाही, आणि त्या डब्यात तर नाहीच. पुढच्या गाण्याला मी गेलो तेव्हा डब्याचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला लावलेलं होतं. आत झाडू, बादली आणि एक मोडका स्टूल. ती गोदामाच्या मध्यभागी उभी होती, हात कमरेवर.

साहेब स्वतः आले होते. इस्त्रीच्या कपड्यांत, दाराजवळ, माझ्या शेजारी. खिडक्या लागल्या, दारं लागली.

"साहेब, उकडेल हं," ती म्हणाली. मग काकांकडे वळली, आणि या वेळी त्यांना ओरडायची संधी न देता स्वतःच ओरडली. ती आरोळी गल्लीपर्यंत गेली असणार. घाईमास्तरांची काठी तिच्या शेवटच्या अक्षरावर पडली आणि साहेबांच्या कपाळावरून घामाचा पहिला थेंब खाली आला.