काठ कोणी आखला?

मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत, बस्स. पुढे माणूस नाही. मित्रांनो, हसू नका. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या एका नर्सिंग कॉलेजात कितीतरी मुली माझ्याच दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला शिकल्या आहेत. माझ्या कोपरात एक छोटा स्पीकर आहे. तो नाडीचे ठोके वाजवतो आणि स्टेथोस्कोप लावला की ते ऐकू येतात.

निदान पूर्वी तरी येत. मी नवा होतो तेव्हा सगळे म्हणत, "किती खरा वाटतो!" पुढे माझी कातडी चिवट झाली, स्पीकर घोगरा झाला. दुरुस्तीचं नाव कोणी काढलं नाही. परीक्षेला मात्र दरवर्षी मलाच टेबलावर मांडत.

त्या परीक्षेत प्रत्येक टेबलावर एक काम असे. एकीकडे नळाखाली नीट हात धुवायचे, दुसरीकडे माझे ठोके शोधायचे. पास व्हायला दोन्हीकडे साठच मार्क. साठच का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मला संताप यायचा, पण रबरी हाताला साधी मूठही आवळता येत नाही.

२००६ साली वेम्बलीची देवयानी माझ्या टेबलावर नापास झाली. बाकी सगळीकडे ती पास होती. तरी पुढच्या बॅचबरोबर सगळी परीक्षा पुन्हा द्यायची होती, आणि त्याच टेबलावर दुसऱ्यांदा घसरली की कोर्समधून नाव कमी.

तिथं शिकवणाऱ्या श्यामलाबाई मूळच्या नागपूरच्या. देवयानीच्या आईची मैत्रीण, म्हणून ती त्यांना मावशी म्हणे. एके दिवशी त्यांनी विभागप्रमुख कॅरलबाईंना माझ्यासमोर आणून उभं केलं.

"नळ सोपा, हा हात अवघड. दोन्हीला पास होण्याचा एकच काठ कसा?" त्या म्हणाल्या. "परीक्षकाने मार्कांबरोबर एक शब्दही लिहावा: पास, नापास किंवा काठावर. ज्या मुली काठावरच्या वाटतील, त्यांच्या मार्कांची सरासरी हाच त्या टेबलाचा काठ."

"ती तुमच्यातली मुलगी आहे, म्हणून ना हे सगळं?" कॅरलबाईंनी विचारलं.

"आमच्यातली आहेच. तिला एक मार्क फुकट देऊ नका. मी तिला तपासणारही नाही. पण नियम बदलेपर्यंत परीक्षकाच्या खुर्चीत बसणार नाही."

वा रे बाई! मला हात असून टाळी वाजवता आली नाही, कारण दुसरा हात कुठून आणणार? परीक्षक आधीच कमी होते. कुरकुरत का होईना, कॅरलबाईंनी नियम बदलला.

परीक्षेच्या दिवशी देवयानी माझ्या कोपरावर स्टेथोस्कोप सरकवत राहिली. तिला पुरते ठोके सापडले नाहीत, साठही मिळाले नाहीत. पण माझ्या टेबलाचा काठ आता खाली आला होता. ती पास झाली.

नळाचा काठ मात्र वर गेला. तिथं ती घसरली.

"मावशी, तुमच्या नवीन काठावरून मीच पडला!" ती रडवेली होऊन म्हणाली. "ओल्ड रूलने हँडवॉशिंगमध्ये मी पास होता ना?"

"पडला नाही, पडले. आणि हो, झाली असतीस पास. पण पेशंटला हात लावायचा तर तो आधी नीट धुता यायला हवा. या टेबलावर पहिलीच खेप आहे, पुन्हा संधी मिळेल. चल नळाकडे."

कॅरलबाई दारातच होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण निकाल त्यांनीच लावला होता. बाजूला सरून त्यांनी दोघींना नळाकडे वाट दिली. देवयानी मग हात धुऊन हात धुण्याच्याच मागे लागली आणि पुढच्या बॅचबरोबर पास झाली.

मित्रांनो, नापास म्हणायला माझी ना नाही. पण कोणाला काठावरून ढकलण्याआधी तो काठ कोणी आखला आणि काय पाहून आखला, ते विचारा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची डागडुजीही वेळेवर करा. आमच्या घोगऱ्या आवाजाची शिक्षा मुलांना कशाला? मी रबराचा आहे खरा, पण या एका गोष्टीत वाकणार नाही.