ठिपकीची ऊठबस

“उभी राहा गं बाई! आत्ताच तर बसली होतीस,” चित्रकार कुरकुरला आणि त्यानं गाईपुढे आणखी एक पेंढी टाकली. ठिपकी उठली, पण चाऱ्याला तोंड लावलं नाही. शेपटी किंचित उचलून धरत तिनं मान वळवली आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. त्याला हवी होती ती हीच मान. त्यानं घाईघाईनं ब्रश बुडवला.

घरात त्याला चित्रकार म्हणत ते काही कौतुकानं नव्हे. थोरला भाऊ उजाडायच्या आत शेतात असायचा, आणि हा शहरातून हात हलवत परत आलेला, कामाचा ना धामाचा. तिथं त्यानं न पाहिलेले समुद्र आणि राजवाडे रंगवले, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. इथं मात्र बादलीची चेपलेली कड, भावाच्या बुटांवर वाळलेला चिखल, भाजी चिरतानाचं वहिनीचं कोपर, जे दिसेल त्यानं त्याला झपाटलं.

“कोपर काय रंगवता, भावोजी? तोंड रंगवा, म्हणजे पावडर तरी लावीन,” वहिनी म्हणायची.

आज तिची दाढ सुजली म्हणून भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. जाताना बजावून गेला, “ठिपकीला व्यायला अजून चार दिवस आहेत. तरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. काही वेगळं दिसलं तर शेजारच्या काकांना हाक मार.”

लक्ष तर त्यानं ठेवलंच. जन्मात कुणाकडे इतकं पाहिलं नव्हतं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खळगे पडले होते, कास तटतटली होती. खळग्यांतली जांभळी सावली साधता साधता दुपार सरली. चित्र झालं आणि तो एकटाच हसला. आपल्यालाही काही जमतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. हात धुऊन तो चहा टाकायला आत गेला.

गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ भावाची आरोळी. “अरे, गाय अडलीय! दोरी आण, काकांना बोलव!”

वासराचा एक पाय मागे दुमडला होता. तिघांनी मिळून ते ओढून काढलं. भावानं त्याचं नाक पुसलं, छाती चोळली, पुन्हा चोळली. गाय तेवढी वाचली. निपचित वासराला ती चाटत राहिली.

काका गेल्यावर भावाचं लक्ष चित्राकडे गेलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“हे खळगे, ही शेपटी... सगळं दिसत होतं तुला.”

“दिसत होतं, दादा. कळत नव्हतं.”

“ऊठबस करत असेल सारखी.”

“हो. मला वाटलं, माझा कंटाळा आलाय तिला. मी चारा टाकून उठवत राहिलो.”

भाऊ वाकून दोरी गुंडाळू लागला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कोपऱ्यातला विळा उचलला. “फाडून टाकतो हे.”

“ठेव तो खाली,” भाऊ म्हणाला. “यात वासरू जिवंत आहे अजून.”

त्यानं बादलीत कोपरापर्यंत हात धुतले, सदऱ्याला पुसले, पाणी बदलून पुन्हा धुतले. मग चित्रासमोर येऊन अवघडून उभा राहिला.

“रंग ओला असेल ना? घरात न्यायला कुठं धरू, सांग.”