भंगारात न गेलेला सर्व्हर

कोथरूडच्या त्या ऑफिसात बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं बनत. २०१४ साली मालक श्यामसुंदर यांनी एक नवा डेस्कटॉप आणला आणि सगळ्यांना गोळा केलं.

"आज म्हाताऱ्याची परीक्षा," ते म्हणाले.

म्हातारा म्हणजे कोपऱ्यात घरघरणारा जुना सर्व्हर. तो रंगनाथरावांनी बसवला होता आणि तेच त्याची निगा राखत. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या आम्रपालीला सगळं काम त्यांनीच शिकवलं होतं.

श्यामसुंदरांनी दोन्हींवर खराडीच्या एका टॉवरचं मॉडेल उघडायला लावलं. डेस्कटॉपवर ते झटकन आलं. सर्व्हर अजून विचारच करत होता.

"काय हो रंगनाथराव, वामकुक्षी का त्याची?"

सगळे हसले. आम्रपालीला राहवलं नाही.

"सर, ही परीक्षाच चुकीची आहे. तुकडे न पाडता येणारं काम असेल तर नवा प्रोसेसर पुढे जाणारच. पण आपलं खरं काम रेंडरिंगचं, मॉडेलवरून पक्कं चित्र काढायचं. एका चित्राचे तुकडे वाटून घ्यायचे. डेस्कटॉपला चार कोअर, म्हणजे राबणारे चार हात आहेत, सर्व्हरच्या दोन प्रोसेसरांत मिळून बारा."

"राहू दे गं," रंगनाथराव हळूच म्हणाले.

तिला तो त्यांचा भिडस्तपणा वाटला. तिने हट्टाने दोन्हींवर तेच चित्र रेंडरला लावलं. सर्व्हरवर टॉवर गच्चीपर्यंत पूर्ण झाला, तेव्हा डेस्कटॉपवर जेमतेम निम्मे मजले उभे होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्रपालीने आनंदाने वळून पाहिलं, तर रंगनाथराव मान खाली घालून खुर्चीत बसले होते.

"वा!" श्यामसुंदर म्हणाले. "म्हणजे नव्या मशिनींचा खर्च वाचला. असेच आणखी दोन जुने शोधू. आणि हिला सगळं येतंय, हेही कळलं."

जेवणाच्या सुट्टीत तिने रंगनाथरावांना जिन्यात गाठलं. "काका, आपण जिंकलो ना?"

"मला आधीच महिनाअखेरीस नोकरी सोडायला सांगितलंय," ते म्हणाले. "सर्व्हर हरला तर भंगारात देण्याऐवजी तुम्ही घेऊन जा, असं कबूल केलं होतं त्यांनी. घरी त्याच्यावर रेंडरिंगची कामं घेणार होतो. दोघा बिल्डरांशी बोलूनही ठेवलं होतं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"खोटं बोल म्हणून सांगू?"

ती तशीच श्यामसुंदरांच्या केबिनमध्ये गेली. सर्व्हर रंगनाथरावांना द्या म्हणाली, हात जोडले.

"अगं, भंगार असता तर आनंदाने दिला असता," ते हसून म्हणाले. "तूच सिद्ध केलंस ना, भंगार नाही म्हणून? आता त्यांच्याकडून सगळे पासवर्ड समजून घे."

रंगनाथरावांनी महिनाभर तिला सगळं नीट समजावलं. काही लपवलं नाही, आवाज चढवला नाही. ती रोज माफी मागायला तोंड उघडायची आणि ते पुढचा मुद्दा सुरू करायचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ल्या तिच्यासमोर ठेवल्या.

"एकदा बघून घ्या आपण," ते म्हणाले, "काही राहिलं असेल तर आत्ताच विचारा."

तीन वर्षांत त्यांनी तिला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. तिने किल्ल्या उचलल्या. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.