जिन्याने जाऊ या

सासूबाई चार दिवस टोकियो बघायला येणार होत्या, आणि चिहोने सासूबाईंना बघायचं होतं. हे तिच्या नवऱ्याने, कोसुकेने, जेवताना सांगितलं. म्हणजे धड सांगितलंही नाही, मिसोच्या सुपाच्या वाटीत बघत पुटपुटला.

"गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना घसरली ती. शेजाऱ्यांनी कळवलं म्हणून आपल्याला कळलं, नाहीतर तिने कुठलं सांगायला! आणखी एक हिवाळा तिथे एकटीने... तिला इथे जमेल असं वाटलं, तर निघताना विचारीन. इकडेच ये म्हणून."

"मग विचार की."

"मला दुकानातून सुट्टी मिळणार रविवारची. फिरणार तू तिच्याबरोबर. तूच बघ आणि मला सांग. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं, हे दिसायला मोठं प्रेमळ वाक्य. ज्याच्या गळ्यात पडतं त्यालाच त्याचं वजन कळतं. त्यांच्या घरात दोन खोल्या, आणि उत्तरेला एक, जेमतेम साडेचार चटया मावतील एवढी. त्या तिसरीत चिहो लोकांचे जुने किमोनो उसवून, धुऊन, पुन्हा शिवून द्यायची. चार वर्षांची इतो बालवाडीत गेली की दार ओढून घ्यायचं आणि पुढचे तीन तास कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. सासूबाई राहायला आल्या तर त्या खोलीतच राहणार. हे कोसुकेला ठाऊक होतं, म्हणून तर तो वाटीत बघत होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी किमिएबाई आल्या. वय शहात्तर, अंगाने काटकुळ्या, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. भाताची कापणी उरकून आल्या होत्या आणि नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. कोसुकेशी त्या गावच्या बोलीत बोलत. त्यातलं निम्मं चिहोच्या डोक्यावरून जाई. चिहोशी बोलताना मात्र तांदळातून खडे वेचावेत तसे गावचे शब्द वेचून बाजूला ठेवत आणि उरलेलं स्वच्छ, बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलत. सहा वर्षांत, दर नव्या वर्षाच्या दोन दिवसांत, दोघींचं बोलणं असंच झालेलं. भांडण कधी नाही, पण गप्पाही नाहीत.

शनिवारी सकाळी चिहो, किमिएबाई आणि इतो निघाल्या. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात खालून वर नेणारा सरकता जिना इतका लांब होता की वरचं टोक दिसत नव्हतं. किमिएबाई त्याच्या पायथ्याशी थांबल्या. भिंतीला हात टेकला.

"कोवाई गं," त्या हळूच म्हणाल्या.

कोवाई म्हणजे भीती वाटते. टोकियोत हे शेंबड्या पोरालाही कळतं. चिहोने सरकत्या पायऱ्यांकडे पाहिलं, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला वाईट वाटलं. भीतीचं नाव घेतलं की ती वाढते, असं तिची आई म्हणायची. म्हणून तिने नाव घेतलं नाही. नुसता त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला आई, आपण जिन्याने जाऊ या."

साधा जिना शेजारीच होता. चौऱ्याऐंशी पायऱ्या, इतोने मोजल्या. अर्ध्यावर किमिएबाई थांबल्या, श्वास घेतला, सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चढू लागल्या.

"आजी, तू एवढी हळू का?" इतोने विचारलं.

"तुझ्या नव्या बुटांना पुढे जाऊ देते गं. माझे जुने आहेत, त्यांना घाई नाही."

असाकुसाला देवळासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. दोन्हीकडे दुकानं, मधे माणसांचा लोंढा. धुपाच्या कुंडापाशी पोचल्यावर किमिएबाईंनी धूर ओंजळीने ओढून आधी गुडघ्यांना चोळला, मग कमरेला. मागे वळून गर्दीकडे बघत म्हणाल्या, "कोवाई."

साहजिक आहे, चिहोला वाटलं. ज्यांच्या गावी चार घरं पलीकडे माणूस दिसलं तरी हाक मारतात, त्यांना हा लोंढा म्हणजे पूरच. तिने त्यांना गर्दीतून काढलं आणि मागच्या गल्ल्यांनी लांबचा वळसा घालून नदीवर आणलं. वाटेत चहाचं एक दुकान लागलं, पण आतही गर्दी होती. म्हणून थांबल्या नाहीत.

दुपारी नदीपलीकडचा उंच मनोरा. वरच्या मजल्यावर काचेला लागून एक बाक होता. किमिएबाई तिथे बसल्या, बूट अर्धे काढले, डोळे मिटले. खाली सगळं शहर पसरलेलं.

"कोवाई, कोवाई," त्या म्हणाल्या.

एवढी भीती वाटते आणि काचेशी बसल्यात! चिहोने त्यांना दंडाला धरून अलगद उठवलं आणि मधल्या खांबापाशी आणून उभं केलं, जिथून खालचं काहीच दिसणार नाही. बसायला तिथे काही नव्हतं. इतोचं दुर्बिणीतून बघून होईपर्यंत वीस मिनिटं सासूबाई त्या खांबाला पाठ लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी सहाला कोसुके घरी आला तेव्हा किमिएबाई न्हाणीघरात होत्या. गरम पाण्यात उतरून त्यांना पाऊण तास झाला होता.

"कशी वाटली?" त्याने स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात विचारलं.

चिहो कांदापात चिरत होती. "घाबरतात रे. सरकता जिना, गर्दी, उंची... सगळ्यालाच. दिवसभर हात धरून फिरवलं मी. तोंडाने बोलूनही दाखवलं त्यांनी, चार-पाच वेळा."

"आई? घाबरते?" कोसुके हसला. "अस्वल दिसलं तर झाडूने हाकलते ती."

"अस्वल ओळखीचं आहे त्यांच्या."

कोसुके हसायचा थांबला. "मग नको विचारायला," तो म्हणाला. "या वयात उपटून इथे आणायचं आणि भीतीत ठेवायचं... नको. बर्फ काढायला गावातलं कुणीतरी बघतो."

"बघ बाबा. तुझी आई आहे."

पाणी उकळलं, चिहोने कांदापात टाकली. छातीत काहीतरी हलकं झालं होतं. तिला ते कळलं, आणि कळल्याचं आवडलं नाही. पण हलकं झालं होतं ते झालंच होतं.

रविवारी कोसुके बरोबर होता. मुलासमोर किमिएबाई तरातरा चालल्या. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात एक राखाडी, मोठ्या चोचीचा पक्षी अजिबात न हलता उभा होता. इतो दहा मिनिटं त्याच्यासमोर हटून बसली.

"हा खोटा आहे," तिने निकाल दिला.

"खरा आहे गं," किमिएबाई म्हणाल्या. "तुझे आजोबा असेच उभे राहायचे, शेतावर चला म्हटलं की."

कोसुके खो खो हसला. चिहोही हसली. हे वाक्य सासूबाई तिच्याही ऐकण्यासाठी बोलल्या होत्या, आणि त्यात निवडून बाजूला काढलेलं काही नव्हतं. येताना कोसुके बायकोच्या कानाशी म्हणाला, "मजेत दिसते की!"

"तुझ्यासमोर," चिहो म्हणाली. आणि ते तिला खरंच वाटत होतं.

सोमवारी दुपारची गाडी. कोसुकेने अर्धा दिवस मागून घेतला होता. आईच्या गावाकडे, अकिताला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर पोचले तेव्हा सुटायला सोळा मिनिटं होती. तो आईसाठी जेवणाचा डबा आणायला गेला. किमिएबाई आणि इतो एका बाकावर बसल्या; तिथे तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून चिहो पलीकडच्या खांबापाशी पिशव्या घेऊन उभी राहिली. तिच्याशेजारी खांबाच्या पायथ्याशी साठीची एक बाई धपकन येऊन बसली. गोल चेहरा, गाल लाल, चार हातांत मावणार नाहीत इतके भेटीचे खोके. तिने बूट काढले आणि पोटऱ्या दाबायला घेतल्या.

"कोवाई, कोवाई बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

चिहोने इकडेतिकडे पाहिलं. घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतं. गाडी अजून लागली नव्हती, माणसं रांगेत शांत उभी होती.

"काही त्रास होतोय का तुम्हाला? कसली भीती वाटते?"

"भीती?" बाईने वर पाहिलं आणि मग तिला इतकं हसू आलं की हातातला बूट खाली पडला. "भीती नाही हो! दमले. आमच्याकडे दमलं की कोवाई म्हणतात. माझी लेक सारखी बजावते, आई, टोकियोत असं बोलू नकोस, लोक पोलीस बोलावतील. पण मेलं तोंडातून जातंच! हा शब्द आपला गावठी आहे असं वाटतच नाही ना."

चिहोने तिचा बूट उचलून दिला.

खडा तांदळाच्याच रंगाचा होता. सासूबाईंना तो खडा वाटलाच नव्हता, म्हणून त्यांनी वेचला नव्हता. चिहोलाही वाटला नव्हता, म्हणून तिने विचारलं नव्हतं. चौऱ्याऐंशी पायऱ्या. मागच्या गल्ल्या. बाकावरून उठवून खांबाला टेकवून ठेवलेल्या सासूबाई. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आणि तरीही, हे आत्ता फक्त तिला एकटीला कळलं होतं. दहा मिनिटांनी गाडी सुटेल. कोसुकेने विषय मिटवला आहे. कुणी काही विचारणार नाही.

ती पिशव्या घेऊन बाकापाशी गेली आणि सासूबाईंसमोर उकिडवी बसली.

"आई, परवा त्या मनोऱ्यावर तुम्ही दमला होतात?"

"हो मग! त्याआधीच दमले होते. स्टेशनातच."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगत होते की. दर वेळी सांगितलं. आणि दर वेळी तू मला उठवून चालायला लावलंस." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती; हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होत्या. "म्हटलं, असेल इथली रीत. नाहीतर सुनेला न बोलता सांगायचं असेल, की म्हाताऱ्यांचं इथे काम नाही. कोसुके काय विचारणार ते काय मला कळत नव्हतं? तो लहानपणापासून वाटीत बघूनच बोलतो."

गैरसमज झाला, एवढं चिहोने म्हटलं असतं तर खरंच होतं. पण अर्धंच. न्हाणीघराच्या पलीकडे कांदापात चिरताना जे हलकं झालं होतं, तो काही शब्दाचा घोटाळा नव्हता.

"आमच्याकडे घाबरलं की कोवाई म्हणतात," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला भीती वाटते. म्हणून सरकत्या जिन्यावर नेलं नाही."

किमिएबाईंनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडू लागल्या. "आणि म्हणून मला त्या खांबाला बांधून ठेवलंस होय!"

"आजीला आईने बांधलं नव्हतं," इतो म्हणाली. "मी पाहिलं."

तेवढ्यात कोसुके डबा घेऊन धावत आला. "गाईचं मांस संपलं होतं, मासा मिळाला. काय झालं, हसताय काय?"

चिहो उठली. गुडघे झटकले. "कोसुके, तुला आईंना काहीतरी विचारायचं होतं ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "पण तू तर म्हणालीस..."

"मी चुकीचं सांगितलं. विचार."

"आत्ता?"

"गाडी सुटल्यावर विचारणार आहेस?"

त्याने विचारलं. इतकं वाईट विचारलं की त्यात बर्फ, छप्पर, विम्याचे कागद आणि शेजारचे सासाकी एवढं सगळं आलं, फक्त "आमच्याकडे ये" हे आलं नाही. किमिएबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग सुनेकडे वळल्या.

"त्या लहान खोलीत का? तिथे तर तू शिवतेस."

"हिवाळ्यापुरतं मी स्वयंपाकघरात शिवीन."

हिवाळ्यापुरतं. शब्द तोंडातून गेला आणि चिहोला ऐकू आला. देतानाच मागे धरून ठेवलेलं ते टोक सासूबाईंनाही दिसलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिने तो शब्द परत घेतला नाही.

"हिवाळ्यापुरतं," किमिएबाई म्हणाल्या आणि मान डोलावली. "ते बरं. बर्फ वितळला की मला घरी जायलाच हवं. रोपं कोण टाकणार? आणि स्वयंपाकघरात कशाला, खोलीतच शीव. मी कोपऱ्यात बसून उसवून देईन. उसवायला डोळे लागत नाहीत."

चिहोच्या मनात आलं, दार ओढून घेतल्यावर आत दोघी असणार. तिला आनंद झाला असं नाही. पण पोटात जे दोन दिवस तिरकं बसलं होतं ते सरळ झालं.

गाडी लागली. सफाईच्या बायका उतरल्या, वाकून नमस्कार करून गेल्या. किमिएबाईही पाठीवर पिशवी चढवून, डबा हातात घेऊन आत गेल्या आणि खिडकीपाशी बसल्या. इतोने काचेला नाक चिकटवलं, कोसुकेने तिला मागे ओढलं. दारं बंद झाली.

तेव्हा किमिएबाई काचेआडून काहीतरी म्हणाल्या. भुवया वर, हात हवेत. कोसुके हात हलवत होता. "हो हो, सांभाळून जा, म्हणतेय," तो म्हणाला.

चिहोला ओठांवरून काही कळलं नाही. तिने अंदाज केला नाही. फोन काढला आणि लावला. काचेपलीकडे सासूबाईंनी पिशवीत चाचपून आपला फोन शोधला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तोंडावर हात धरला.

"आई, काय म्हणालात?"

"डब्यात जेवायच्या काड्या नाहीत गं! मासा आता काय हाताने खाऊ?"

चिहोने नवऱ्याकडे पाहिलं. कोसुकेने कोटाच्या खिशात हात घातला, कागदात गुंडाळलेल्या दोन काड्या बाहेर काढल्या आणि त्या बघत उभा राहिला. गाडी हलली.