रोजचे पाच तास

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले आमच्या वर्गात अठ्ठावीस जण गणिताच्या चाचणीत नापास झाले. सरायचं डोकंच फिरलं. "मोबाइलनं खाल्लं तुमचं गणित!" म्हन्ले, अन् सगळ्यायले एकेक फॉर्म वाटला. रोज व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुक किती तास? जो कबूल करन अन् फोन सोडन, त्याची सोमवारी फेरपरीक्षा. बाकीच्यायचं साल गेलं.

आता काय सांगू बाप्पा! माह्यापाशी फोनच नाई. घरात एकच, बाबाचा, बटनाचा. मी नापास झाली वेचणीपायी. त्या साली बीटीच्या कपाशीतबी बोंडअळी शिरली. किडक्या बोंडाले मजूर हात लावेना, मंग वेचाले घरचे तिघंच. महिनाभर कॉलेजचं तोंड पाह्यलं नाई. पन फॉर्मात वेचणीसाठी रकानाच नव्हता.

अन् साल गेलं तं सोयरीक पाहू, असं बाबानं आधीच सांगेल होतं. मले शिकायचं होतं. बाजूच्या बाकावरल्या अलफियानं चार तास लिहिले, म्या पाच लिहिले. लिहाचंच हाय तं कंजुसी कायले?

सर खूश झाले. "समता, खरं बोलली, शाब्बास!" म्हन्ले. शनिवारी त्यायनं बाबाले फोन केला. पोरीच्या हातातला फोन काढून घ्या, पोरगी हुशार हाय. भल्यासाठीच केला, त्यायले काय म्हनू? पायावर धोंडा तं म्याच पाडून घेतला होता.

बाबा वावरातून तसाच आला. "कोनं देला?"

"काय?"

"फोन!"

माय भाकर तव्यावर सोडून दारात येऊन उभी राह्यली. तिच्या मनात एखादा पोट्टाच आला असन. "अवं बाई, नाव सांग त्याचं," म्हने. म्या सगळं खरं सांगून टाकलं. फॉर्म, वेचणी, पाच तास, सगळं.

"मास्तर खोटं बोलन का?" बाबा म्हने. "तुह्याच हातानं लिहेल हाय."

माह्यी पेटी उपसली. गोधड्या झटकल्या. पुस्तकं उलटी धरून हलवली. रविवारी बाबा पुढच्या खोलीतल्या कापसाच्या गंजीत शिरला, आढ्यापर्यंत भरेल होती ती. कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता. मले रडू आलं नाई. रागबी आला नाई. मी नुसती पाहून राह्यली होती, दुसऱ्याच्या घरातलं पाहावं तसं.

"फोन सापडल्याबिगर कॉलेजात पाय ठेवाचा नाई," बाबा म्हने.

सोमवारी अकरा वाजले. तिकडं पेपर वाटले असतीन. मीबी बाबाच्या बाजूनं गंजीत शिरली अन् ओंजळ ओंजळ कापूस बाजूले कराले लागली. कोनाचाबी असो, कसाबी असो, एक फोन सापडून जावा, असं मले खरंच वाटून राह्यलं होतं.