दोन कानांची नळी

मी बोलतेय, शिसवी लाकडाची वीतभर नळी. गरोदर बाईच्या पोटावर माझं रुंद तोंड टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. बाळाच्या काळजाचे ठोके मी इमानानं पोचवते. पुढचं माणसांनी बघायचं, आणि तिथंच सगळं बोंबलतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी नांदूरघाटाकडच्या एका सहकारी दवाखान्यात होते. माझे मालक तिथले डॉक्टर राधाकिशन, उभ्या तालुक्यात नाव. त्यांच्या हाताखाली शिकायला डॉक्टर शिवकन्या आली. हुशार पोर, पण सरांना देव मानणारी. रीत अशी, की आधी सरांनी ऐकून आकडा सांगायचा, मग तिनं ऐकायचं. आधी उत्तर सांगून गणित कोण शिकवतं, सांगा बरं! तिचा आकडा वेगळा आला, की सर हसून म्हणायचे, कान तयार व्हायला वर्षं लागतात. मग ती बिचारी स्वतःच्याच कानावर शंका घ्यायची.

खरं तर कान सरांचेच गेले होते. त्यांनाही ठाऊक होतं. पण हाताखालच्या पोरीला सांगणार कसं?

त्या उन्हाळ्यात खडी फोडायच्या कामावरून मनकर्णाला आणलं. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सरांनी मला लावलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एकशे चाळीस. उत्तम."

मग शिवकन्येनं कान लावला. ठोके रेंगाळत होते, ऐंशीच्याही खाली. दवाखान्याची जीप दारात उभी होती. बीडला नेऊन ऑपरेशन झालं असतं, तर बाळ हाती लागलं असतं. बोल गं बाई, म्हणून मी आतल्या आत तडफडत होते.

"होय सर," ती म्हणाली.

जीप पाण्याच्या टँकरच्या खटपटीला निघून गेली. बाळ मेलेलंच जन्मलं.

घरी जायच्या दिवशी मनकर्णानं विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमाला काय ऐकू आलतं?"

शिवकन्येनं सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

"सरांना आलं, तेच."

"मंग माझंच नशीब," मनकर्णा म्हणाली आणि दोघांच्याही पाया पडून गेली.

त्या ठोक्यांबद्दल त्या दोघांनी एकमेकांशी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. आता दवाखाना बंद आहे. मी खणात पडून आहे, अंगाला चीर गेलीय. डॉक्टरांनो, हात जोडायला मला हात नाहीत. पण शिकणाऱ्याला आधी ऐकू द्या, आणि तो काय म्हणतो तेही ऐका. मनकर्णाला पुढं मूल झालंच नाही म्हणे.