पोरांचं घड्याळ

"वहिनी, रागावू नकोस, पण हिला खुर्चीत डांबून काही शिकवायला जाऊ नकोस. हिचं डोकं पायांत आहे!" नणंद एकदा म्हणाली होती. आईने तो टोमणा समजून कानाआड केला. स्वतः पदवीधर; तिला कोण शिकवणार? तिने हौसेने पुठ्ठ्याचं घड्याळ कापलं आणि लेकीला रोज टेबलाशी बसवलं. रुसवेफुगवे झाले, रडारड झाली, पण भिंगरीला (घरीदारी तिचं हेच नाव) घड्याळ काही कळेना.

आणि आज मोठ्या बाई वर्गात येऊन बसल्या होत्या. भिंगरीला याच वर्गात ठेवायचं की खालच्या वर्गात बसवायचं, हे त्या ठरवणार होत्या. आई मागच्या बाकात गुडघे कोंबून बसली होती.

"चला रे, बाकं भिंतीला!" वर्गाच्या बाईंनी हुकूम सोडला. एकच धडधडाट! फरशीवर खडूचं मोठं वर्तुळ उमटलं. कडेने पोरं आकड्यांच्या पाट्या घेऊन बसली. गोंगाट झाला की कान झाकणारा एक मुलगा होता. बाईंनी त्याला छोटा काटा केलं. "तुला कुणी घाई करणार नाही हं, राजा. आणि भिंगरे, तू मोठा काटा. पळ!"

काय पळाली ती! वेण्या हवेत, बूट फरशीवर टपटप. ती पूर्ण फेरी मारायची, तोवर छोटा काटा कडेकडेने एका आकड्यावरून पुढच्यावर जायचा.

"आता साडेतीन!" बाई म्हणाल्या.

भिंगरी बारावरून सुटली ती थेट सहावर. छोटा काटा तिनावरच उभा. आई बाकावरून पुढे झुकली.

"ए, तू चुकलास!" भिंगरी ओरडली. त्याचे हात कानांकडे गेलेले दिसताच तिने आवाज खाली आणला. "अरे, मी अर्धी फेरी मारली ना? मग तूही अर्धाच सरक. तीन आणि चारच्या मध्ये."

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुठ्ठ्याच्या घड्याळात तीच दर वेळी छोटा काटा तिनावर ठेवून "साडेतीन" म्हणायची! ती ताडकन उठली, तसं बाक दाणकन आडवं झालं.

"अहो आई, बसा, घड्याळ बंद पडेल!" बाई म्हणाल्या, आणि वर्ग खिदळला.

"हिला खालच्या वर्गात?" मोठ्या बाई हसल्या. "छे! इथंच राहू दे हिला."

आनंदाने आईला कुठे बघू नि कुठे नको असं झालं. तेवढ्यात तिची नजर नऊची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या मुलीवर थांबली. नीट भांग, मांडीवर हात, हूं की चूं नाही. सगळे जिला 'गुणाची पोर' म्हणायचे, ती. आई तिच्यापाशी उकिडवी बसली. "आता किती वाजलेत गं?"

पोर हसली. मग अगदी हळू म्हणाली, "मला नाही येत. मला कुणी विचारतच नाही."

वर्गाच्या बाई तिथंच फरशीवर बसल्या. "विचारते हं. तुला पळायचंय, की मी तुझ्या तळहातावर घड्याळ काढू?"

"हातावर," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

तुमच्याही घरात, शेजारी असं कुणी असेल, कधीच त्रास न देणारं. आज जरा त्याच्याजवळ जाऊन बसा. 'कळलं का' असं विचारू नका, ते नुसती मान हलवेल. 'मला करून दाखव' म्हणा.